नऊ नंबरची ऊब

आमच्या रेइनोला कुणी विचारलं की तू काय करतोस, तर तो 'बस चालवतो' असं कधी म्हणत नाही. म्हणतो, "पोरांना शाळेत गरमागरम पोचवतो." जणू भट्टीतले पावच.

रेइनो माझा भाऊ, आमच्या घरचं शेंडेफळ. तो जन्मला तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि आई लाकूडतोड्यांच्या तळावर चाळीस माणसांचं रांधत होती. म्हणून सहावीतून माझी शाळा सुटली आणि रेइनो माझ्या कडेवर आला. शाळेचं मला फार वाईट वाटलं नाही. सहावीत मी दुसऱ्यांदा बसले होते, आणि बाईंची नजर बघता तिसऱ्यांदाही बसवलं असतं. त्या काळी चार फूट बर्फातून मला शोधायला कुणी येणारही नव्हतं.

उत्तरेकडच्या, तलावाकाठच्या आमच्या कोर्पी गावात हिवाळा ऑक्टोबरात येतो आणि मे महिन्यात निरोप घ्यायलाही कुरकुरतो. अशा गावात माणूस दुसऱ्याला किती ऊब देतो यावर त्याची किंमत. एकाच्या घरी सरपण नेहमी रचलेलं, एकाच्या घरी कॉफी कधीच संपत नाही, तशी रेइनोची नऊ नंबरची बस. एकतीस वर्षं तो ती चालवत होता. म्हणजे बस मध्यंतरी दोनदा बदलली, नंबर तोच आणि माणूसही तोच.

शाळेच्या सहा बसगाड्या. पहाटे चारला रेइनो डेपोत. आधी आपली नऊ नंबर सुरू करायची, मग शेजारची, मग तिच्या शेजारची, असं करत सहाही इंजिनं घुमायला लागायची. सगळ्या गाड्यांची दारं सताड उघडी, कारण हा आत-बाहेर करत काचांवरचा बर्फ खरवडत फिरणार. साडेपाचला बाकीचे ड्रायव्हर जांभया देत आले की गाड्या तयार: काचा लख्ख, सीट ऊबदार. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला फक्त कुणी थंड सीटवर बसलेलं बघवायचं नाही. लहानपणी माझ्या पाठीला बांधलेला असायचा, त्याची ही सवय असेल.

आणि ती शेड! पूर्वी गाड्या उघड्यावर असत. तलावावरून वारा सुटला की चाकांपर्यंत बर्फात पुरल्या जात. रेइनोने चार जणांना हाताशी धरून दोन उन्हाळे खपून लांबलचक लाकडी शेड बांधली. मागून बंद, बाजूंनी बंद, पुढून उघडी. गाड्या संध्याकाळी उलट्या आत घालायच्या, म्हणजे सकाळी सरळ बाहेर पडता येतं. सायलेन्सर सगळे मागच्या भिंतीकडे. त्या शेडच्या उद्घाटनाला मी तीन ट्रे निसू भाजली होती, म्हणजे आमचा वेलदोड्याचा गोड पाव. सगळ्यांनी भिंतीवर थापा मारून "काय मजबूत बांधलीय" म्हटलं. सहा इंजिनांचा धूर त्याच मजबूत भिंतीला आपटून कुठे जात असेल, असं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. वास यायचा, नाही असं नाही. पण डिझेलचा वास म्हणजे आमच्याकडे सकाळ झाल्याचा वास.

नऊ नंबरचा रस्ता सगळ्यात लांब. तलावाच्या पार टोकाला ओन्नी राउतिओचं घर, तिथून बस उलटी फिरते. ओन्नी चौऱ्याहत्तरचा, एकेकाळचा मासेमार. आता डोळ्यांत पडदा आलाय. उजेडात कसाबसा दिसतो त्याला रस्ता, झुंजूमुंजूच्या वेळी मुळीच नाही. त्याच्याकडे त्याची नात असते, कैसा, नऊ वर्षांची. तिची आई, शॉना, दक्षिणेला ग्रीन बे शहरात कागदाच्या कारखान्यात पाळ्या करते. एका आठवड्यात दिवसपाळी, एका आठवड्यात रात्रपाळी. तिथे पोरीला सांभाळणार कोण, म्हणून कैसा आजोबांकडे. आणि खरं सांगायचं तर आजोबा कैसाकडे. औषधाच्या बाटल्यांवरचं तीच त्याला वाचून दाखवायची.

कैसा सकाळी बसमध्ये सगळ्यांच्या आधी चढणार आणि दुपारी सगळ्यांच्या शेवटी उतरणार. जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास. रेइनोच्या मागच्याच सीटवर बसून ती हरणं मोजायची. रेइनो तिला मुद्दाम चुकीचा आकडा सांगायचा.

"रेइनोकाका, अकरा नाही, नऊ!"

"दोन तू जांभई देत होतीस तेव्हा गेली."

"मी जांभई दिलीच नाही!"

"मग दोन मी दिली असतील."

गेल्याच्या गेल्या शरदात तिला खोकला लागला. आधी वाटलं सर्दी. मग छाती वाजायला लागली. शाळेत दहाच्या सुमाराला तिला दम लागायचा, ओठ निळे पडायचे. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी एकदा हॉस्पिटलात ठेवली, ख्रिसमसच्या आधी पुन्हा. शॉनाने फोनवर सांगून टाकलं, "आता तिसऱ्यांदा झालं तर मी तिला घेऊन जाणार. मग बघू काय करायचं ते."

त्या आठवड्यात ओन्नी गावातल्या दुकानात गेला, तर पैसे देऊन सामान तिथेच विसरून आला.

आता खोकला कशाने, यावर गावात प्रत्येकाचं एक मत. कुणी म्हणे मांजरामुळे, कुणी म्हणे पोरगी गणिताच्या तासाला बरोबर खोकते. रेइनोचं ठाम मत की ओन्नीची लाकडाची चूल. तो एका रविवारी ब्रश आणि शिडी घेऊन तिकडे गेला.

"ओन्नी, धुराडं शेवटचं कधी झाडलंस?"

"तुझ्या लग्नाच्या वेळी."

"माझं लग्न झालेलं नाही."

"मग बघ."

रेइनो छपरावर चढला आणि कोळशाच्या पोत्यासारखा होऊन खाली आला. धुराडं स्वच्छ झालं. पोरीचा खोकला होता तसाच राहिला.

मग त्याने दुसरा विचार केला. थंड हवेने छाती आवळते, हे तर सगळेच म्हणतात. म्हणजे पोरीला ऊब कमी पडतेय! झालं. तो चारच्या ऐवजी साडेतीनला डेपोत जायला लागला. नऊ नंबरचं इंजिन दोन तास चालू. ओन्नीच्या दारातही बंद करायचा नाही, शाळेपुढे रांगेत उभा असतानाही नाही. रांगेत पुढच्या गाडीचा सायलेन्सर बरोबर आपल्या दाराशी असतो, पण त्याचं लक्ष हीटरच्या काट्यावर. "कोट काढून बसली होती आज कैसा," असं मला अभिमानाने सांगायचा. मी बशीत कॉफी ओतून, दातात साखरेचा खडा धरून ऐकायचे आणि म्हणायचे, "देव तुझं भलं करो."

जानेवारीत, एका गुरुवारी, कैसाला तिसऱ्यांदा हॉस्पिटलात नेलं.

शाळेत डुफोरबाई म्हणून नर्स आहेत. बारीक चणीच्या, बोलायला सुरीसारख्या. त्यांनी आपली वही काढून बघितली. कैसाचा त्रास सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारी काही नाही. मोठ्या बर्फामुळे शाळा आठवडाभर बंद होती तेव्हा पोरगी ठणठणीत, दिवसभर आजोबांच्या चुलीशेजारी बसून. मग त्यांनी कुठूनसं एक यंत्र आणवलं. पुस्तकाएवढी पेटी, हवेतली काजळी मोजणारी. शुक्रवारी पहाटे ती पेटी मांडीवर घेऊन त्या नऊ नंबरमध्ये जाऊन बसल्या. रेइनोने त्यांना चांगली गरम सीट दिली.

आमच्याकडे शनिवार म्हणजे सौनाचा, लाकडी खोपटात वाफेने अंघोळ करायचा दिवस. आमची सौना वडिलांच्या हातची, जुन्या पद्धतीची, धुराची. तिला धुराडं नसतं. दगडांच्या ढिगाखाली दुपारभर लाकडं जाळायची, खोली धुराने भरून जाते. दगड तापले की विस्तव बाहेर काढायचा, दार आणि वरची झडप उघडायची, दगडांवर पाणी मारायचं आणि धूर पुरता निघून जाईपर्यंत वाट बघायची. मगच माणसांनी आत जायचं. मी विस्तव काढून दार उघडलं आणि तेवढ्यात रेइनोची गाडी अंगणात आली. दार आपटण्यावरूनच कळलं, साहेब पेटलेत.

"काय झालं?"

"ती डुफोरबाई!" त्याने बूट काढून भिरकावले. "म्हणे, तुमच्या बसमध्ये धूर आहे. माझ्या! रस्त्यावर ट्रकच्या मागे लागलो तेव्हा नाही, म्हणे, सगळ्यात जास्त आकडा शेडमध्ये होता. एकही पोर चढलं नव्हतं तेव्हा! आणि तो धूर घेऊनच तुम्ही निघता, म्हणे, आणि शाळेपुढे पुन्हा भरून घेता."

"आणखी काय म्हणाल्या?"

"डिझेलची काजळी इतकी बारीक, की नाकात अडकत नाही, सरळ फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. पोरं भराभर श्वास घेतात, त्यांची फुप्फुसं अजून वाढायचीत, म्हणून त्यांना जास्त लागते. दमा उठतो. मोठ्यांना वर्षानुवर्षं लागली तर हृदयाला, नाहीतर कॅन्सरसुद्धा. आणि वर मला विचारते, 'रेइनो, तुम्हाला हा खोकला किती वर्षं आहे?' मी म्हटलं, हा खोकला नाही, ही माझी बोलायची पद्धत आहे!"

असं म्हणून तो पुरतं मिनिटभर खोकला.

"एकतीस वर्षं, ताई. एकही पोर माझ्या गाडीत कुडकुडलं नाही. आणि ही बाई पेटी घेऊन येते." खांद्यावर टॉवेल टाकून तो सौनाकडे निघाला. "जाऊ दे. मी आत जाऊन बसतो."

"थांब, धूर निघालेला नाही अजून."

"निघेल. मी काय लहान आहे?"

"रेइनो! दार उघडून दहा मिनिटं नाही झाली. युस्सीकाकांनी अशीच घाई केली होती, त्यांना चौघांनी ओढून काढलं. मी एकटी आहे आणि माझ्या गुडघ्यांचं तुला माहीत आहे."

तो पायरीवर थांबला. दाराच्या वरच्या अंगाने धूर बाहेर येत होता, त्याच्या डोक्यावरून. तो तसाच उभा. मला वाटलं रुसलाय. लहानपणीही असाच पाठमोरा उभा राहायचा. मी पाण्याची बादली भरून आणली तरी हा हललेला नाही.

मग हळूच म्हणाला, "ताई, आपली शेड कुठल्या बाजूला उघडी आहे?"

"तू बांधलीस आणि मला विचारतोस? पुढच्या."

"आणि सायलेन्सर मागच्या." टॉवेल खांद्यावरून खाली पडला तो त्याने उचलला नाही. "वडील मला काय सांगायचे? ऊब दगडात राहते, धूर घालवावा लागतो. पाच वर्षांचा होतो तेव्हापासून माहीत आहे मला. आणि मी पोरांना धूर काढायच्या आधीच आत बसवतोय गं."

त्याच शेडच्या उद्घाटनाला निसू मी भाजली होती.

त्याने अंघोळ केलीच नाही. "ओन्नीकडे जाऊन येतो," म्हणाला, आणि मग दारात घुटमळला. "तू येतेस?" मी डोक्याला रुमाल बांधला.

ओन्नीच्या अंगणात शॉनाची गाडी उभी होती. आत दाराशी एक लाल सूटकेस, उघडी, रिकामी. कैसा हॉस्पिटलातून सकाळीच आली होती, पलंगावर बसून मांजराशी खेळत होती. शॉना कपाटातून तिचे कपडे काढून ठेवत होती. ओन्नी खिडकीकडे तोंड करून बसलेला, जसं काही बाहेरचं त्याला सगळं दिसतंय.

रेइनोने टोपी काढली. "शॉना, चूक माझी आहे. चूल नाही, मांजर नाही. माझी बस आहे." आणि त्याने शेडपासून सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता.

शॉना ऐकत उभी राहिली. तिचे डोळे रात्रपाळीने लाल झालेले. "एकतीस वर्षं चालवताय," ती म्हणाली, "आणि कळलं नाही तुम्हाला?"

"नाही कळलं."

"पण आई, बस गरम असते," कैसा पलंगावरून म्हणाली.

ओन्नी खिडकीकडून वळला. "म्हणजे माझं धुराडं उगीचच झाडलंस."

"हो."

"मग ते पुन्हा काळं करून दे. आता वारा फार ओढतं."

शॉनाला हसायचं नव्हतं, पण तोंडाचा कोपरा हललाच. तिने हातातले कपडे कपाटात परत ठेवले. मग म्हणाली, "ईस्टरपर्यंत बघते. मध्ये एकदा जरी हॉस्पिटल झालं तरी त्याच दिवशी नेईन. ही सूटकेस इथेच राहू दे."

तेव्हापासून ती लाल सूटकेस ओन्नीच्या दारामागे उभी.

सोमवारी रेइनोने शेडमध्ये एकही इंजिन सुरू केलं नाही. तुम्हाला गंमत सांगते. प्रत्येक गाडीच्या नाकातून एक छोटी वायर लोंबत असते, कुत्र्याच्या जिभेसारखी. ती भिंतीतल्या प्लगला लावली की इंजिन बंद असतानाही आतून कोमट राहतं, आणि चालू करायला दोन तास नाही, दोन मिनिटं लागतात. वायरी पहिल्यापासून होत्या. शेडमध्ये प्लगच नव्हता! एवढी मजबूत शेड, आणि प्लग लावायचं कुणाला सुचलं नाही. रेइनोने आठवडाभरात गावच्या वायरमनला धरून सहा प्लग बसवून घेतले. आणि मग करवत घेऊन मागच्या भिंतीच्या फळ्या कापायला सुरुवात केली. आपल्याच हातांनी ठोकलेल्या.

इंजिन उशिरा सुरू झालं की ते तापेल, पण सीट कशा तापणार? गॉर्डी म्हणून तीन नंबरचा ड्रायव्हर आहे, तोंडाळ.

"रेइनो, तुझ्या कृपेने माझी बस म्हणजे मासे ठेवायची पेटी झालीय."

"मग बरं झालं. तुझ्या जेवणाचा वास लपेल."

"आणि शाळेपुढेही इंजिन बंद ठेवायचं? आम्ही गोठून मेलो तर?"

"तर तुला शेडमध्ये ठेवू. आता हवेशीर आहे."

आम्ही चर्चच्या बायका कामाला लागलो. जुने लोकरी कोट, नवऱ्यांच्या विजारी, काही नवरे वारलेले, काही नुसते जाड झालेले. त्यांच्या पट्ट्या जोडून आम्ही चाळीस छोट्या गोधड्या शिवल्या. नऊ नंबरला नऊ दिल्या, त्यातली हिरवी कैसाची. पोरं सकाळी गोधड्या पांघरून बसायची, म्हाताऱ्यांचा मेळावा भरल्यासारखी.

एका दिवशी शून्याखाली चोवीस होतं आणि नऊ नंबर सुरूच होईना. गॉर्डी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बघ! सांगत होतो!" रेइनो म्हणाला, "बघतोय." पोरं चाळीस मिनिटं उशिरा पोचली. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा वायरच लावली, फक्त प्लग नीट खोचलाय का हे दोनदा बघून.

ईस्टरला शॉना आली. मधल्या काळात कैसाला दोनदा दम लागला होता, पण पंपावर भागलं, हॉस्पिटल नाही. तरी शॉना म्हणाली, "कमी झालंय. थांबलेलं नाही." डुफोरबाईही तेच म्हणाल्या. गाडी जुनी. तिच्या सायलेन्सरला काजळी पकडणारी जाळीच नाही. दर थांब्याला दार उघडलं की आपला धूर आपल्याच पोटात घेते. "ही गाडी असेतो मी एवढंच करू शकतो," रेइनोने कबूल केलं.

"मग वर्ष पुरं करू दे तिला," शॉना म्हणाली. "पुढचा हिवाळा याच गाडीत नाही." सूटकेस दारामागेच राहिली.

मे महिन्यात शाळेच्या समितीची बैठक होती, नव्या गाड्यांची. सरकारकडून मदत येणार होती, कुठल्या घ्यायच्या ते ठरवायचं. कुणी म्हणालं डिझेलच, पण नवी, जाळीवाली, जी काजळी बहुतेक सगळी धरून ठेवते. कुणी म्हणालं टाकीतल्या गॅसवर चालणारी, घरी स्वयंपाकाला वापरतो तोच गॅस. कुणी म्हणालं विजेची. त्यावर मागून हशा झाला. अध्यक्षांनी तोडगा काढला: विजेची एक घेऊन बघू, गावातल्या छोट्या फेरीला, म्हणजे बंद पडली तरी पोरं चालत येतील.

रेइनो उभा राहिला. शाळेच्या त्या हॉलमध्ये तो एकतीस वर्षं भिंतीला टेकून उभा राहिलेला आहे, बोललेला कधी नाही. खोकला. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"गावातलं पोर बसमध्ये दहा मिनिटं बसतं," तो म्हणाला. "ओन्नीची कैसा अडीच तास बसते. विजेची द्यायची तर नऊ नंबरला द्या."

"थंडीत बॅटरी निम्मी होते, रेइनो! अर्ध्या वाटेत संपली तर?"

"मी गेल्या महिन्यात जाऊन चालवून आलो, पलीकडच्या तालुक्यात आहे एक. त्यांचा ड्रायव्हर म्हणाला, कडाक्यात निम्म्याहून थोडी जास्त टिकते. माझी सकाळची फेरी बावन्न मैल. तेवढं होतं. दुपारी शाळेत प्लगला लावली की परतीची फेरी होते. आणि..." इथे त्याला थांबून श्वास घ्यावा लागला. "आणि ती प्लगला लावलेली असतानाच आतून तापते. भिंतीतल्या विजेवर. सीटसुद्धा. धूर काढायला लागत नाही, कारण तो केलेलाच नसतो."

हॉलमध्ये सगळे आमच्यासारखेच, सौनावाले. कुणाला जास्त समजावून सांगावं लागलं नाही. गॉर्डी मागून ओरडला, "आणि रस्त्यात संपली तर?"

"तर तू ओढायला ये. तुला दुसरं काम काय असतं?"

ठरलं ते असं: नऊ नंबरला विजेची, दोन गॅसच्या, आणि बाकी तीन जमेल तशा नव्या जाळीच्या.

ऑगस्टात ड्रायव्हरांची दरवर्षीची तपासणी झाली. रेइनो पास झाला, पण डॉक्टर म्हणाले, गेलेला दम सगळा परत येणार नाही. त्यालाही पंप दिला. तो आणि कैसा आता पंप शेजारी शेजारी धरून बघतात. "माझा निळा." "माझा जांभळा, महाग असेल." एकदा माझ्या ओट्यावर बसून तो म्हणाला, "ताई, मला पोरांच्या आधी दोन तास मिळायचे त्या धुरात. बरंय. मला जास्त मिळाला." मी त्याच्या बशीत आणखी कॉफी ओतली.

नवी गाडी नोव्हेंबरात आली. पिवळीच, नऊच नंबर. पहिल्या दिवशी रेइनो ओन्नीच्या दारात जाऊन थांबला. दोन मिनिटं गेली, पाच गेली, कैसा येईना. त्याच्या डोळ्यांपुढे सूटकेस. तो धावत जाऊन दार ठोठावतो तर आत आजोबा आणि नात टेबलाशी बसून निवांत लापशी खातायत.

"आज बसला उशीर झाला का?" ओन्नी विचारतो.

झालं होतं असं, की जुन्या गाडीची घरघर तलावापलीकडून ऐकू यायची, तेव्हा कैसा बूट घालायला घ्यायची. ओन्नीला तर घड्याळ दिसत नाही, त्याचं घड्याळच ते. नवी गाडी आली मांजरासारखी. मग रेइनोने माझ्या गोठ्यातली जुनी गाईची घंटा मागून नेली आणि दाराशी टांगली. तलावाचं वळण आलं की तो दोरी ओढतो. गॉर्डी त्याला 'गुराखी' म्हणतो. पण गेल्या महिन्यात गॉर्डीला गॅसची गाडी मिळाली, आणि पहाटे डेपोत उभं राहून तो स्वतःच म्हणाला, "च्यायला, पाइनच्या झाडांचा वास येतोय." तीस वर्षं ती झाडं तिथेच होती.

त्या हिवाळ्यात कैसाने दोनदा पंप ओढला, दोन्ही वेळा खऱ्या सर्दीने. जानेवारी सरला. फेब्रुवारीत एका शुक्रवारी सकाळी रेइनो वळणावर घंटा वाजवून पोचला, तर कैसा रस्त्याच्या कडेला उभी, आणि हातात ती लाल सूटकेस. भरलेली. दोन्ही हातांनी धरलेली.

तो मला नंतर म्हणाला, "ताई, मला ब्रेक कुठे आहे ते आठवेना."

दार उघडलं. "कुठे निघालीस?" त्याने एवढंच विचारलं.

"शाळेत," कैसा म्हणाली. "आज शुक्रवार आहे ना?"

"मग हे काय?"

"गोधड्या. सगळ्यांकडून गोळा केल्या, माझी हिरवीपण आहे. बस गरम असते, आता लागत नाहीत. आजोबा म्हणाले मुम्मूला परत पोचव, म्हणजे ती दुसऱ्या कुणाला देईल." मला गावातली सगळी पोरं मुम्मू म्हणतात, आजी. "आणि आई म्हणाली, सूटकेसपण देऊन टाक. दारामागे उगीच अडगळ."

रेइनोने ती सूटकेस पहिल्या सीटवर ठेवली आणि पट्टा लावला, पोराला लावतात तसा. त्या सकाळी त्याने हरणांचा आकडा एकदाही चुकवला नाही. कैसाला वाटलं त्याला बरं नाही.

दुपारी त्याने सूटकेस माझ्या ओट्यावर आणून ठेवली. गोधड्या धुतलेल्या, नीट घड्या केलेल्या. मी नाक खुपसून बघितलं. साबणाचा वास आणि थोडा ओन्नीच्या चुलीचा. धुराडं त्याने पुन्हा काळं केलेलं दिसतंय.

सूटकेस चांगली मजबूत आहे. मी तिच्यात सौनाचे टॉवेल ठेवते.